दिवेलागणीचं स्थळ

आमच्या घरात लाईट आली आणि त्याच वर्षी आक्काला अंधारात दाखवायचं ठरलं. आमच्या शहाणपणाची कमालच म्हणायची.

आक्का, माझी थोरली बहीण, सावळी. दोन स्थळं 'रंगानं कमी' म्हणून परत गेलेली. दोन्ही नवरे मुलगे तव्याच्या पाठीला लाजवतील असे, पण ते बोलायची सोय नव्हती. तिसरं स्थळ तासगावकडचं, द्राक्षाचा मळा असलेलं. आत्याने फर्मान काढलं, पाहुण्यांना दिवेलागणीनंतर बोलवा, लाईट गेलीय म्हणून सांगा आणि कंदिलाची वात बारीक ठेवा. गंमत म्हणजे पाहुण्यांनी आपणहूनच तीच वेळ मागितली. आत्याला वाटलं, देवच पावला. मी पोह्यांवर खोबरं पेरत होते, मला कशाला शंका येतीय?

पाहुणे आले. कंदिलाच्या उजेडात त्यांचे फेटे तेवढे दिसत होते. आक्काला बोलावलं. ती पोह्यांचं ताट घेऊन सोप्यात आली, दाराशी जरा थांबली आणि कोपराने बटण खाली केलं.

शंभराचा बल्ब भक्कन पेटला. आता आमच्याकडे दिवा लागला की जो तो हात जोडतो आणि डोळे मिटतो, मग दिवा तेलाचा असो नाहीतर सरकारचा. वडील, आत्या, झाडून सगळे पाहुणे डोळे मिटून बसले. बघायला आलेल्यांतलं कुणीच आक्काला बघत नव्हतं. आक्का मात्र नवऱ्या मुलाकडे टक लावून बघत होती. मीही बघितलं. मुलगा कसला, चांगला आमच्या वडिलांच्या बरोबरीचा बाप्या! मिशीचा कलप घामाने ओठावर उतरलेला.

डोळे उघडल्यावर आत्या दातओठ खात बटणाकडे निघाली. आक्काने ताट खाली ठेवलं आणि वडिलांना म्हणाली, "आबा, आजवर मला लोकांनी बगितलं. आज म्या बगितलंय. मला हे स्थळ पसंत न्हाई."

वडिलांनी त्या मिशीकडे बघितलं, मग आक्काकडे, आणि मान खाली घातली. लाज वाटली त्यांना. पाहुण्यांनी पोहे मात्र चाटूनपुसून संपवले.

पुढचं स्थळ वडिलांनी भर दुपारी बोलावलं. आत्याने अंगणात लिंबाच्या सावलीत घोंगडं टाकलं होतं, ते त्यांनी स्वतः ओढून उन्हात आणलं.