कडीवरची फुली

माझे वडील नागपूरला गांधीबागेच्या कापडबाजारात गठ्ठे पाठीवर वाहायचे. आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. पदवी मिळाली आणि खाणींसाठी साखळ्या बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला लागलो.

जहाजाच्या नांगराची साखळी आम्ही पहिल्यांदा घडवली, तेव्हा ती पारखायला मुंबईच्या गोदीतून एक म्हातारे आले. मूळचे सावनेरकडचे, बोली अजून इकडचीच. टोपी काढून ते उकिडवे बसले आणि एकेका कडीवर हातोडी मारून कान देऊ लागले.

"काका, मापं बरोबर आहेत नं. मी स्वतः मोजली," मी ऐटीत म्हणालो.

"माप डोयाले दिसते बाबू. भेग ऐकू येते."

दोन कड्या बद्द वाजल्या. त्यांवर त्यांनी खडूने फुली मारली आणि बराच वेळ खडू बोटांत फिरवत राहिले.

"गोदीतल्या साहेबाच्या मागं लागून मीच इथली साखळी पाहाले लावली. दरसाल येणं झालं असतं, गावाकडं जाणं झालं असतं. आता हे काम दुसरीकडं जाईन."

"मग फुली पुसा नं काका. दोनच तर आहेत."

"तुफानात जहाज हिच्याच भरोशावर उभं राहते गा. त्यातल्या पोरायले गावं नाहीत का?"

काम गेलंच. दोन वर्षांनी आम्ही पुन्हा साखळी घडवली. प्रत्येक कडी मी ठोकून ऐकली. तपासायला दुसरेच कोणी आले. काकांची नोकरी तोवर संपली होती. एकही फुली पडली नाही. नागपूरची साखळी जहाजावर चढली.