भांडण विचारणाऱ्या बाई

बाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा दारात चपला काढता काढताच त्यांनी विचारलं, "हिचं भांडण झालं का हो कोणाशी?"

मी शिलाई मशीनवर ब्लाऊजला हुक लावत बसले होते. मला वाटलं, गल्लीतल्या कुणीतरी कागाळी केली असणार. घाईघाईने म्हणाले, "छे हो बाई, आमची मुक्ता कुणाच्या अध्यात ना मध्यात. फार गुणाची आहे."

बाईंचा चेहरा उतरला. "एकबी न्हाई? आठ वर्षांची झाली की पोरगी." लेकराला अजून दातच आले नाहीत असं कुणी सांगावं, तशा काळजीने त्या मुक्ताकडे बघत राहिल्या.

मुक्ताला जन्मताना प्राणवायू कमी पडला. त्यामुळे तिचे पाय ताठ, उजव्या हाताची बोटं नीट उघडत नाहीत आणि बोलणं असं की एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढावा. बुद्धी मात्र तल्लख. बाई होत्या फिरत्या शिक्षिका. मुक्तासारख्या मुलांसाठी स्कूटीवर गावोगाव फिरायच्या. आज पेडगाव, उद्या सेलू, परवा आणखी कुठे. सेलूत कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना 'भांडणवाल्या बाई' म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडायचं.

तोवर घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, डॉक्टर काय म्हणतात. बाईंनी डॉक्टरांचं नावही काढलं नाही. "व्यायाम तर मी शिकवतेच," त्या म्हणाल्या, "पण व्यायाम करून पोरगी चार पावलं चालली आन जायला कोणाचं घरच न्हाई, तर चालून कुठं जाणार?"

खरं तर मुक्ताकडे मुलं यायची. वाढदिवसाला यायची, ओळीने बसायची, चिवडा खायची, मुक्ताच्या गालाला हात लावायची आणि निघून जायची. जाताना दारात मोठ्यांदा सांगायची, "काकू, आमी मुक्तासोबत खेळलो बरं का." देवळात पेटीत नाणं टाकून आल्यासारखं. मला तेही पुष्कळ वाटायचं.

बाईंना ते बघवेना. एका संध्याकाळी त्या आमच्या पायरीवर बसून समोरची लगोरी बघत होत्या. मुक्ताची चाकाची खुर्ची मैदानाच्या मधोमध होती. तिच्या हातात चेंडू देत, ती टाकायची, सगळे टाळ्या वाजवत आणि मग खरा डाव सुरू होई. या टोळीची म्होरकी होती अफसाना. गादीवाल्यांची मुलगी, मुक्ताहून वर्षाने मोठी, आवाज असा की जिनिंगचा भोंगा लाजावा. बाईंनी तिला बोलावलं.

"मुक्ता कोणाच्या पार्टीत हाय?"

"कोणाच्याच न्हाई बाई. ती कच्चा लिंबू हाय."

"म्हंजी ती आऊट होत न्हाई?"

"न्हाई."

"आन जिंकत?"

अफसानाने थोडा विचार केला. "जिंकतबी न्हाई."

"मग ती कशाला खेळायलीय?"

बाई काही उपदेश करतील असं मला वाटलं, पण त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "ही आऊट कशी व्हईल ते तुमी ठरवा. मला तुमच्या खेळातलं काही कळत न्हाई." आणि माझ्याकडे वळून चहा मागितला.

खांबावरचा दिवा लागेपर्यंत गल्लीत सभा चालली. कोणी म्हणे तिने जवळून नेम धरायचा. कोणी म्हणे जवळून म्हणजे किती जवळून, मग आम्हीही जवळून धरू. शेवटी कायदा झाला तो असा: मुक्तासाठी रेघ दोन हात अलीकडे, खुर्ची ढकलायला तिच्याच पार्टीतली एक जण, आणि चाकाला चेंडू लागला की मुक्ता आणि ढकलणारी, दोघी बाद. शेवटचं कलम खुद्द मुक्ताने घातलं. तिला ते वाक्य बोलायला इतका वेळ लागला की दोन मुलं मध्येच पाणी पिऊन आली.

दुसऱ्याच डावात अफसानाने नेम धरून चाकावर चेंडू हाणला. मुक्ता बाद. तिने गल्ली दणाणून सोडणारं भोकाड पसरलं. मी हातातली कात्री टाकून धावले, तर पायरीवर बसलेल्या बाईंनी माझा पदर धरला.

"बसा."

"अहो, ती रडतेय."

"आऊट झाली म्हणून रडायलीय. पडली म्हणून न्हाई, दुखलं म्हणून न्हाई. लय चांगलं रडणं हाय हे, ऐका जरा."

मी बसले. माझे डोळे मुक्तावर होते आणि या बाई खारी बुडवून चहा पीत होत्या. तेवढ्यात मुक्ताचं रडणं थांबलं, कारण नवा डाव सुरू झाला होता.

बाईंची दुसरी एक सवय होती. मुक्ता बोलायला लागली की त्या रुमाल काढून त्याच्या घड्या घालत बसायच्या. घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. आम्हा सगळ्यांना खोड होती, मुक्ताने दोन शब्द उच्चारले की पुढचं वाक्य आम्हीच पुरं करायचं. 'पाणी हवंय का?' 'भूक लागली ना?' प्रेमानेच करायचो. बाई म्हणायच्या, "तिचं वाक्य तिचं हाय. आपण त्याला शेपूट लावायचं न्हाई." एकदा मुक्ताचे वडील कामावरून आले, कापसाने डोकं पांढरं झालेलं, आणि तिच्या बोलण्यात मध्येच पडले. बाईंनी काही न बोलता रुमाल त्यांच्या हातात दिला. तेही बिचारे घड्या घालत बसले. तेव्हा कळलं, मुक्ता पाणी मागतच नव्हती. वडिलांच्या मिशीला कापूस लागलाय म्हणून सांगत होती.

पण बाई मुक्ताचे लाड करायच्या असं नाही. मुक्ता गोड हसून कामं करून घ्यायची, हे त्यांनी लवकर हेरलं. "हसण्यावर लोक खाऊ देतेत, मैत्री करत न्हाईत," त्या तिला सांगायच्या. "तुला काय येतं ते दाखव." मुक्ताला पत्ते येत होते. तिचं लक्ष असं की कोणी कुठला पत्ता टाकला ते ती विसरायची नाही. दुपारच्या उन्हात आमच्या ओसरीवर पत्त्यांचा अड्डा बसू लागला आणि मुक्ता पार्टीत हवी म्हणून मुली एकमेकींशी हुज्जत घालू लागल्या. बाईही खेळायच्या, अतिशय वाईट खेळायच्या, आणि हरल्या की खरोखरीच रुसायच्या. एकदा हरल्यावर चहा न घेताच निघून गेल्या. मुलींना त्या इतक्या आवडत, त्याचं निम्मं कारण हेच असावं.

मग एकदाचं ते भांडण झालं. अफसानाने मुक्ताला विश्वासाने सांगितलं होतं की ती पालीला भिते. मुक्ताने ते भर अड्ड्यात जाहीर केलं. जो काही हशा झाला त्यात गल्लीची म्होरकी लालबुंद होऊन उठली आणि गेली ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तिच्यामागे बाकीच्याही येईनात. ओसरी ओस पडली. मुक्ता खिडकीशी खुर्ची लावून बसायची आणि विचारलं तर काही सांगायची नाही. मला वाटलं, झालं, पुन्हा पहिल्यासारखं. मी अफसानाच्या आईसाठी डबाभर रव्याचे लाडू भरले. जाऊन गोड बोलून मिटवून टाकावं म्हणून निघणार, एवढ्यात बाई आल्या.

"कुठं निघालाव?"

मी सांगितलं.

त्यांनी डबा हातातून घेतला, उघडला, एक लाडू तोंडात टाकला. "तुमी गेलात तर अफसाना तुमची मैत्रीण व्हईल. चूक मुक्ताची हाय, तीच जाईल."

"एकटी कशी जाईल बाई? आणि बोलेल काय? तिला एवढं मोठं बोलायला..."

"येळ लागंल. लागू द्या."

बाई निघून गेल्यावर मुक्ता गेली. तळहाताने चाक रेटत, गटाराची फरशी ओलांडताना अडकत, पुन्हा मागे घेऊन पुढे जात. मी दाराआडून बघत होते. समोरच अफसानाच्या दारात गाद्यांचा ढीग होता, त्यावर ती पाय सोडून बसली होती. मुक्ताने तोंड उघडलं. 'मी तुझं गुपित सांगायला नको होतं, मी चुकले.' एवढंच वाक्य, पण तिची मान ताठ झाली, ओठ वळेनात, एकेक अक्षर निसटत होतं. अफसाना मध्ये बोलली नाही. वाक्य संपेपर्यंत ती एकटक बघत राहिली. आणि संपल्यावर म्हणाली, "मला नीट ऐकू न्हाई आलं. परत बोल."

मी धावणारच होते, पण उंबऱ्यावरच थांबले. मुक्ताने अफसानाकडे असं काही बघितलं की ती आता चेंडू मारते की काय असं मला वाटलं. मग तिने श्वास घेतला आणि सगळं वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. अफसाना गाद्यांवरून खाली उतरली. म्हणाली, "चल, आमच्या मागं मांजरीनं पिल्लं घातलीत."

हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. पदर लावल्यावर बराच वेळ त्यांनी तो काढला नाही.

त्यानंतर मुक्ताच्या शाळेची सहल येलदरीच्या धरणावर गेली. मुख्याध्यापकांनी मुक्ताबद्दल का कू केली, पण बाई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि होकार मिळाल्याशिवाय उठल्या नाहीत. परत आल्यावर मुक्ताने मला धरणाबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. बसमध्ये खिडकीची जागा अफसानाने कशी बळकावली, हेच तिने रात्रीच्या जेवणापर्यंत पुरवलं.

दोन वर्षांनी बाईंची नेमणूक जिंतूर तालुक्यात झाली. निरोप घ्यायला त्या आल्या त्या दिवशी मी पुरणाचा स्वयंपाक केला होता. मुक्ता सकाळीच बाहेर पडली होती. बाई येणार हे तिला माहीत होतं. बाई आल्या, बसल्या. मुक्ताचा पत्ता नाही. गल्लीच्या टोकाला कुणाच्या तरी अंगणात मुली जमल्याचा गलका ऐकू येत होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "थांबा, हाक मारते."

"नका मारू."

"अहो, तुम्ही एवढ्या लांबून आलात, आणि ही विसरली."

"विसरली ना?" बाईंनी पोळीवर तूप घेतलं. "तिला कुठं काही विसरू दिलं होतं कोणी, आठ वर्षं सगळी दुनिया तिच्याभवती बसलेली. जेवू द्या मला निवांत."

त्या पोटभर जेवल्या, आणखी एक पोळी मागून घेतली, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि निघाल्या. टोकाला त्या अंगणापाशी त्यांनी स्कूटी थांबवलेली मला दिसली. उतरल्या नाहीत. एक पाय जमिनीवर टेकवून थोडा वेळ आत बघत राहिल्या. आतून कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. मग त्या गेल्या.

मुक्ता अंधार पडता पडता आली. बाई येऊन गेल्या हे ऐकल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं. माझा फोन मागितला. बाईंना लावून दिला, तर हाताने खूण करून मला खोलीबाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं.

मी ओट्यापाशी भांडी विसळत उभी राहिले. आतून तिचे शब्द एकेक येत होते, मध्ये मोठी शांतता, मग पुन्हा शब्द. पलीकडे बाई थांबून ऐकत असणार. एकदा मुक्ता मोठ्यांदा हसली. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"काय बोललात गं एवढं?" मी विचारलं.

"ते..." ती म्हणाली. मी पुढचं वाक्य पुरं केलं नाही, भांडं हातात धरून थांबले.

"ते... आमचं... आमच्यात आहे," मुक्ता म्हणाली, आणि जेवायला वाढ म्हणून ताटाकडे बोट दाखवलं.