इशेयिनच्या फुलाबाई

लालबागच्या आमच्या चाळीत आल्या आल्या फोलाकेबाईंनी नळाला पाणी कधी येतं ते विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगितलं, "आमच्या इशेयिनजवळ ओगुन नदीवर केवढं धरण आहे!" नायजेरियाच्या योरुबा मुलखातलं इशेयिन हे त्यांचं तालुक्याचं गाव. तिथल्या कौन्सिलवर त्या एकदा निवडून आलेल्या. नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन परळला व्हायचं होतं, म्हणून शेजारची खोली घेतली होती. आईला 'फोलाके' म्हणता येईना, तिनं 'फुलाबाई' करून टाकलं. त्यांचं इंग्रजी मी घरच्यांना मराठीत सांगायची.

बाबांनी गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेले. इशेयिनचे विणकर वीतभर रुंदीची पट्टी विणतात हे ऐकून ते म्हणाले, "मग ती नाडी झाली, कापड कसलं?"

फुलाबाई शांतपणे म्हणाल्या, "अशा पट्ट्या जोडून आमच्या राजाचा झगा होतो. तुमच्या गिरणीतलं कापड कुठला राजा नेसला?"

बाबा त्या दिवशी मान खाली घालून जरा जास्तच जेवले.

मग चाळीचा पंप बिघडला. सेक्रेटरी नाना परब रोज "उद्या बघू" म्हणायचे. एका सकाळी ते बनियनवर दात घासत असताना फुलाबाई भर गॅलरीत त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसल्या. नाना गडबडले. "बाई, उठा बगूया. लोक काय म्हणतले?"

"आमच्याकडे थोरांनी मागणं पुरं केल्याशिवाय उठत नाहीत," बाई म्हणाल्या. नाना त्यांच्याहून दहा वर्षांनी तरी लहान असतील. आईही पदर खोचून शेजारी बसली. मागोमाग मजल्यावरच्या बायका. दुपारपर्यंत पंप सुरू झाला.

"थोरांनी आशीर्वाद दिला की उठायचं, एवढीच रीत आहे," बाई नंतर मला हळूच म्हणाल्या. "पंपाचं मी पदरचं घातलं."

ऑपरेशनच्या दिवशी आई आणि मी त्यांच्यासोबत इस्पितळात बसलो. त्या बोलतच होत्या. बाजार, इबादानचा रस्ता, जुना आशेयिन, म्हणजे त्यांचा राजा. मधेच एका वाक्यावर थांबल्या आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दाराकडे बघायला लागल्या. आईनं त्यांचे हात धरले आणि ती मला म्हणाली, "विचार त्यांना, राजाचं पुढं काय झालं?"

मी विचारलं. बाई पुढं सांगायला लागल्या. डॉक्टर "सगळं नीट झालं" म्हणत बाहेर आले, तेव्हा राजा नुकताच घोड्यावर बसला होता. तो अजून तसाच बसलाय.

महिन्याभरानं दोघं नवराबायको निघाली. दारात मी म्हटलं, "मावशी, आमच्यात 'जाते' म्हणत नाहीत. 'येते' म्हणायचं."

त्या हसल्या. "आम्ही 'ओ दाबो' म्हणतो. म्हणजे परत येईपर्यंत." मग आईकडे वळून स्पष्ट मराठीत म्हणाल्या, "येते."

टॅक्सी वळली तरी आई गॅलरीत उभीच. इतक्या लांबून कोण परत येतंय, असं मी म्हणणार होते.

"येईल," आई म्हणाली. "सांगून गेलीये ती."