केदारची पायवाट

आम्ही गेलो नाही, हे आधीच सांगून टाकते. उगीच कुणी शेवटपर्यंत बर्फाची वाट बघत बसायला नको.

आमचं गाव आष्ट्याच्या जवळ. चहूकडं ऊस, आणि चढ म्हणून काय तो विहिरीच्या पायऱ्यांचा नाहीतर माळ्यावरच्या शिडीचा. अशा गावात राहून मी हिमालयात पायी हिंडायची तयारी करत होते, हे आज माझं मलाच खरं वाटत नाही. पण करत होते, आणि जीव लावून करत होते.

मालक लष्करात होते. त्यांचं नाव मी तेव्हाही घेत नव्हते, आता या वयात काही सुरुवात करणार नाही. मधली काही वर्षं त्यांची नेमणूक गढवालात होती. केदारहून बद्रीला जाणारी यात्रेकरूंची जुनी पायवाट त्यांनी तिथं पाहिली. बसचा रस्ता झाल्यापासून ती ओस पडत चालली होती, तरी वाटेवरच्या चट्ट्या अजून उभ्या होत्या. चट्टी म्हणजे दगडी भिंतींची, बुटक्या छपराची लांबोडकी झोपडी. दिवसभर चालायचं आणि अंधार पडायच्या आत चट्टी गाठायची. चट्टीवाल्याकडून कणीक, डाळ, बटाटे घेतले की तो निजायला जागा देतो, वर स्वयंपाकाला भांडीही देतो. सकाळी भांडी घासून त्याच्या हवाली करायची आणि पुढच्या चट्टीच्या वाटेला लागायचं. मला सगळ्यात नवल वाटलं ते या भांड्यांचं. बाईमाणसानं घर सोडायचं आणि बरोबर तवासुद्धा घ्यायचा नाही, या नुसत्या कल्पनेनं मी चार दिवस खुशीत होते.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मालक रजेवर आले होते. त्याआधीच्या थंडीत त्यांना वर डोंगरात छातीचं दुखणं झालं होतं, बरेच दिवस लष्कराच्या दवाखान्यात काढले, आणि मग खाली मैदानात बदली मिळाली. "न्युमोनिया झालता, बरा झाला," एवढंच त्यांनी घरात सांगितलं. आम्हीही तेवढ्यावर समाधान मानलं. माणूस समोर धडधाकट बसून भाकरी खातोय म्हटल्यावर आणखी काय विचारायचं?

एका दुपारी सोप्यात शेंगा फोडत बसलो होतो. मालकांनी टरफलांचे ढीग सारखे केले, त्यांचे डोंगर झाले. मग मधे मधे एकेक शेंगदाणा ठेवत गेले.

"ही गुप्तकाशी. हितनं खाली नदीला उतरायचं, आन् पल्याड उखीमठाचा चढ."

"आन् ह्यो उंच ढीग?"

"त्यो तुंगनाथ. तितनं समदा बर्फ दिसतोय बग. लय लांबवर."

"आवं, पर मला दम लागला तर?"

"मग चट्टी हाय की! बसायचं घटकाभर. डोंगर काय पळून जातोय व्हय?"

तेवढ्यात सासूबाई आल्या आणि केदारपासून बद्रीपर्यंतचा सगळा मुलूख सुपात भरून म्हशीपुढं टाकला. आम्ही दोघं तोंड दाबून हसलो. 

मला बर्फ बघायचाय, असं मी म्हणत होते. ते काही खोटं नव्हतं, पण खरं तर मला त्यांच्या शेजारून चालायचं होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मूल नव्हतं, आणि वर्षातले दोन महिने काय तो नवरा दिसायचा. त्या दोन महिन्यांतही कुणाच्या लग्नाला निघालो, बाजाराला निघालो, की ते पुढं आणि मी चार पावलं मागं. त्यांच्या पाठीवरचा सदरा मला जितका पाठ होता तितका चेहरा नव्हता. चट्टीच्या वाटेवर बाया नवऱ्याच्या बरोबरीनं चालतात, असं ते एकदा बोलून गेले होते. ते वाक्य मी धरून बसले.

रजा संपली, मालक गेले, आणि मी तयारीला लागले. सांगलीहून त्यांनी मला कॅनव्हासचे बूट आणून दिले होते. लुगड्याखाली बूट घालून गावातून गेले असते तर लोकांनी तमाशाच केला असता, म्हणून मी ते भुसाच्या पोत्यात दडवले होते. ओझ्याची सवय हवी म्हणून वैरणीचा भारा रोज थोडा थोडा वाढवत नेला. डोक्यावर चुंबळ ठेवायची, वर हा एवढा भारा, आणि बांधावरून सरळ मानेनं झपाझप यायचं. पुढच्या रजेत मी मोठ्या अभिमानानं हे सांगितलं तेव्हा मालक पोट धरून हसले. "आगं खुळे, वज्जं तितं पाठीवर घेत्यात, डोक्यावर न्हाई!" त्यांनी आपला लष्करी पिट्टू माझ्या पाठीला बांधला आणि मी तोल जाऊन मागच्या मागं बसले. वर्षभराची कमाई अशी मानेत जाऊन बसली होती.

चढाची सवय मात्र खरी केली होती. बाईला उगीच चालायचं तर आमच्यात कुणी सोडत नाही, देवाचं निमित्त लागतं. मच्छिंद्रगडाला नवस बोललेय, दर सोमवारी दर्शनाला जाते, असं मी सासूबाईंना सांगितलं. नवस कसला ते त्यांनी विचारलं नाही, त्यांचं त्यांनी ओळखलं, आणि नारळसुद्धा हातावर ठेवला. दोन एसट्या बदलून मी पायथ्याला उतरायची, पिशवीतले बूट पायात घालायची आणि गड चढायची. देवापुढं उभं राहिलं की एवढंच म्हणायची, मला तिकडं पोचव.

त्या दुसऱ्या रजेत मालकही एकदा माझ्याबरोबर गडावर आले. अर्ध्या वाटेवर ते थांबले. कृष्णेकडं बोट करून, कारखान्याची चिमणी दाखवून काहीबाही सांगत बसले. मग पुन्हा थोडं चढले, पुन्हा थांबले. मी दमले असेन म्हणून थांबतात, असं मला वाटलं आणि भरून आलं. असा नवरा कुणाला मिळतो, असंही मनात आलं. मी तर मुळीच दमले नव्हते.

आता राहिली होती घरची परवानगी. सून नवऱ्याबरोबर डोंगर हिंडायला जाते, हे सांगायची सोय नव्हती. मालक म्हणाले, गडाच्या नवसाला जी युक्ती चालली तीच चालवू. आपण यात्रेला जातोय असं सांगू, देवाच्या नावाला कोण आडवं येतंय? मलाही ते पटलं. दोघंही आपल्या हुशारीवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी जेवता जेवता ते म्हणाले, "आई, औंदा बद्रीकेदार करावं म्हंतूय."

सासूबाईंच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. त्या विधवा होऊन कैक वर्षं झाली होती. तुळजापूरच्या पलीकडं त्यांनी जग पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"व्हय रं माज्या राजा?" त्या म्हणाल्या. "माज्या मनातलं तुला कसं कळलं रं? तुझा बा असता तर... पांग फेडलंस बाबा."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी ताटाकडं पाहिलं. आई घरात असताना बायकोला बद्रीकेदारला नेणारा मुलगा आमच्या पंचक्रोशीत जन्मला नव्हता, आणि हे आम्हा दोघांना तोवर सुचलंच नव्हतं. डोंगर हिंडायला जातो म्हटलं असतं तर निदान भांडण झालं असतं. यात्रा म्हटल्यावर सगळंच संपलं. यात्रेचा मान थोरांचा. सासूबाई हात न धुताच उठल्या आणि पलीकडच्या चुलत सासूबाईंना सांगायला गेल्या. अंधार पडायच्या आत त्याही निघणार हे ठरलं. म्हशीची धार कोण काढणार, खोडव्याच्या उसाला पाणी आलं की कोण उभं राहणार, हे कुणी विचारलंही नाही; मी घरी होतेच.

"आता कसं सांगू तिला?" मालक परड्यात येऊन मला म्हणाले.

"सांगू नगा," मी म्हटलं. मला इतका राग आला होता की शेणाची पाटी मी त्यांच्या पायाशी आपटली. राग कुणावर होता ते मात्र ठरवता येईना. म्हातारीवर रागवायला तोंड नव्हतं.

"फुडल्या रजेला आपुन दोगंच," ते म्हणाले.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी भुसाच्या पोत्यात हात घालून माझे बूट काढले. त्यांना ते कधीपासून माहीत होते, देव जाणे. "मला हुत्याल न्हवं गं?" त्यांनी विचारलं. झाले त्यांना. थोडे सैल होते, मी चिंधी कोंबून दिली.

ते परत आले त्या दिवशी वेशीपासून हलगी लावून गावानं त्यांना घरी आणलं. यात्रा करून आलेल्यांचं मावंदं घालायची आमच्यात रीत आहे. गाव जेवतं, आणि जेवणाआधी घरातल्या सुनेनं यात्रेकरूंचे पाय धुवायचे. मी परात आणि ऊन पाणी घेऊन बसले. पहिले पाय मालकांचे. ते माझ्याकडं न बघता बसले आणि लगेच उठून गेले. मग सासूबाई बसल्या. त्यांच्या टाचांना फोड येऊन गेलेले होते. मी ते चोळत होते आणि बाहेर हलगी वाजत होती. त्या वाकल्या, बुक्का लावून घेतल्यासारखं केलं आणि माझ्या कानाशी बोलल्या.

"त्याला चढवलं न्हाई गं. गौरीकुंडापातूर बस हाय, तितनं फुडं चालायचं. पयल्या चट्टीलाच बसला. ओठ निळं पडलं, छातीत घरघर. आमी म्हाताऱ्या वर जाऊन देव बगून आलो, आन् त्यो तितंच कांबळं पांघरून बसलेला. डाक्टरनं म्हनं मागंच सांगितलंय त्याला, उंचावर पाय ठिवायचा न्हाई जलमभर." मग म्हणाल्या, "तुला सांगू नगं म्हनलाय."

मी दुसरा पाय परातीत घेतला. मागून बाया पाया पडायला ढकलत होत्या. गडावर ते का थांबत होते, हे मला त्या परातीपाशी कळलं. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. शेंगदाणे मांडतानाही माहीत होतं.

मावंदं उरकलं, पाहुणे पांगले. रजेचे थोडेच दिवस राहिले होते. मालक वाटेबद्दल काही बोलेनात. शेवटी एका सकाळी मी वैरण तोडत होते, ते विळ्याला धार लावत बसले होते, तेव्हा त्यांनीच विषय काढला. मान वर न करता म्हणाले, "आता समदीकडं बस झालीया बग. त्या वाटंनं चालत कोन जातंय? चट्ट्याबी मोडाय लागल्यात. आपुन कवातरी बसनं जाऊ."

एरवी मी भांडले असते. नखरे करते म्हणून शिव्याही खाल्ल्या असत्या. वर्षभर भारे वाहिले, खोटा नवस बोलले, बूट दिले, सगळं काढलं असतं. त्यांनाही तेच हवं असणार. ते तयारीनंच बसले होते.

"व्हय," मी म्हटलं. "बसनंच बरं."

त्यांचा हात विळ्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी इतक्या सहज कबूल झाले यावरून त्यांना कळलं की आईनं मला सांगितलंय.