बॅटरीला आवतन

बेला गावाजवळच्या आमच्या शेजारच्या मळ्यात आता वीज आली, पण पोळा आला की मला तिथले काकाच आठवतात. बैलजोडी विकल्यावर त्यांनी छपरावर सोलरची प्लेट बसवली आणि बॅटरी ठेवली रिकाम्या गोठ्यात, गव्हाणीशेजारी. येता-जाता मीटर बघायचे. करंटचा काटा हलला की म्हणायचे, "चरून राह्यली." व्होल्टेजचा उतरला की माझ्या डोक्यावरचा पंखा बंद! "दमली बिचारी. आता काऊन जुपता तिले?"

एकदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गेलो, तर काका बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावत होते. बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळावं तसं, हळूहळू. आणि बैलांना म्हणतात तेच पुटपुटत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी आभाळ गच्च. करंटचा काटा हलेना. काकूंनी पुरणपोळीचं ताट वाढलं, ते काकांनी सारून ठेवलं.

"आवतन देऊन तिले उपाशी ठेवलं. मंग मी कसा जेवू?"

दुपार कलल्यावर ऊन पडलं, काटा थरथरत चढला. काका ताट घेऊन गोठ्यात गेले. पोळीचा पहिला घास मोडला आणि रिकाम्या गव्हाणीत ठेवला.