गोल्ड कार्डाचे शेवटचे दिवस आणि बाबांची दिल्ली

विमान कंपनीचा मेल आला तेव्हा मी यवतमाळच्या दत्त चौकात मोटरसायकलचं पंक्चर काढून घेत उभा होतो. आपलं गोल्ड सदस्यत्व या महिन्याअखेर संपत आहे, असं त्यात मोठ्या अदबीनं लिहिलं होतं. साहजिकच होतं ते. कापसातली सरकी काढायची, जिनिंगची यंत्रं बसवायच्या नोकरीत मी वर्षानुवर्षं दर आठवड्याला विमानात असायचो. गेल्या उन्हाळ्यात ती नोकरी सोडून घरी आलो, आणि आता इथेच तशा यंत्रांची दुरुस्ती करतो. लांबात लांब म्हणजे आर्णी, नाहीतर वणी. तिकडे जायला कुणी वेगळी रांग लावून देत नाही.

मला कार्डापेक्षा बाबांची काळजी होती. बाबा पंचायत समितीतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत माझं कार्ड माझ्यापेक्षा प्रसिद्ध. सामान जास्त नेता येतं, आत आधी सोडतात, गाद्यांच्या खुर्च्यांवर बसवून फुकट खाऊ घालतात, हे सगळं ते स्वतः बघून आल्यासारखं सांगायचे. स्वतः मात्र विमानात कधी बसले नव्हते. मी परत आल्यावर लोक त्यांना हळू आवाजात ‘काय झालं मग?’ विचारायचे आणि बाबा नुसते चपला झटकत पुढे चालायचे. कार्डाबरोबर त्यांच्या लेखी आपणही उतरणार, ही धाकधूक मला खरंच होती. आईलाही बोललो नव्हतो.

मेलचं सांगितलं, तर बाबा म्हणाले, “संपूनच राह्यलं त एकदा वापरून घेऊ. माधुरीकडे जाऊ.”

माधुरी माझी धाकटी बहीण, दिल्लीत नोकरीला. तिकिटं काढली. जादा सामान नेता येतं हे ऐकून आईनं लगोलग आर्णीच्या मामांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.नं नव्या तुरीच्या डाळीचं पोतं आलं. सोबत शेवयांसारखे वाळवलेले सरगुंडे, वड्या, ठेचा. कार्डधारक वाचकांसाठी एक सूचना: जादा वजन फक्त कार्डवाल्याच्या नावावर मिळतं, त्यामुळे कागदोपत्री ते पोतं माझं होतं.

यवतमाळहून नागपूर विमानतळ म्हणजे कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी. रस्ता आता झकास आहे, तीन तास धरून चाला. विमानतळ वर्धा रोडवरच असल्यानं शहरात शिरायची गरज नाही. देवळीच्या पुढे पोहे खाल्ले, वर तर्री. दोन्ही बाजूंनी कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग आणि मधूनच हिरवा गहू. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि तर्री उडू नये म्हणून पोहे गाडीबाहेर वाकून खात होते.

विमानतळावर पहिला मान पोत्याला मिळाला. काउंटरवरच्या मुलीनं त्याला ‘प्रायॉरिटी’ लिहिलेला नारिंगी टॅग बांधला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला. “म्हंजे डाळ आपल्या आधी उतरते काय?” मी हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की पुढचं काही झालं नसतं तरी चाललं असतं.

पुढे लाउंज. तिथे माझी चूक झाली. कायम एकटा फिरलेलो, त्यामुळे नियम कधी नीट वाचला नव्हता. कार्डासोबत पाहुणा एकच.

“तिसऱ्याचे पैसे भरतो,” मी म्हणालो.

“विकत जायचं त मंग कार्ड कायले?” बाबांनी मला मागे ओढलं.

“तुमी दोघं जा,” आई म्हणाली. “मले काही पाहाचं नाही. मी बसते इथं पिशव्यांपाशी.”

बाबा आत आले. गालिच्यावर चालताना पाय जरा उचलून टाकत होते. त्यांनी इडलीचं भांडं, सूप, केक, फळं, सगळ्यांची झाकणं उघडून पाहिली आणि परत नीट लावली. कॉफी घेतली, अर्धी प्यायले. मी प्लेट पुढे केली तर म्हणाले, “पाह्यलं ना. झालं.” आणि सरळ बाहेर. आईनं काय काय होतं विचारलं तर, “काही नाही, आपल्या रेस्ट हाउससारखंच हाये.” आईनं माझ्याकडे पाहून ओठ मुडपले. मग आम्ही तिघांनी गेटजवळच्या खुर्च्यांवर तिच्या दशम्या ठेच्याबरोबर खाल्ल्या. समोरचा एक सुटाबुटातला माणूस वासानं दोनदा वळून पाहत होता, त्याला आईनं एक दिली.

कार्डवाल्यांना आधी सोडतात तेव्हा मात्र बाबांनी हौस भागवून घेतली. घोषणा झाल्यावर रांगेतल्या सगळ्यांच्या पुढून, आईचा हात धरून, अजिबात घाई न करता गेले. आत जाऊन बसल्यावर बराच वेळ विमान हलेना, तेव्हा मला विचारलं, “आधी आलो त आधी पोचू काय?”

दिल्लीतले चार दिवस माधुरीच्या घरी मजेत गेले. चांदनी चौकात जाल तर मेट्रोनं जा, फेब्रुवारीत पहाटे धुकं असतं म्हणून परतीचं विमान दुपारचं घ्या. येताना लाउंजच्या दाराशीच एवढी रांग होती की बाबांनीच नको म्हटलं. पण बोर्डिंगच्या वेळी कार्डानं शेवटचा पराक्रम केला: पुढच्या वर्गातली एक सीट रिकामी होती, ती मला देऊ केली. मी विनंती करून ती बाबांना मिळवून दिली. त्यांनी खूप आढेवेढे घेतले, पण आईनं डोळे वटारल्यावर बसले.

विमान वर गेल्यावर थोड्या वेळानं हवाई सुंदरी मागे माझ्यापाशी आली. “सर, आपके पापा खाना नहीं खा रहे. तबीयत ठीक है ना?”

पडदा सारून पुढे गेलो. बाबा मांडीवर कापडी रुमाल अंथरून, समोर चिनी मातीच्या ताटलीत वाफाळतं जेवण ठेवून, हात जोडल्यासारखे बसले होते.

“काय झालं?”

“मांगं वाढलं काय?”

“अजून नाही. वाढतील.”

“तुह्या आईले?”

“तिलाही वाढतील, बाबा. तुम्ही सुरू करा, गार होतंय.”

“होऊ दे. पंगत बसल्याशिवाय घास कसा उचलू?”

पंगतीला सगळ्यांना वाढून होईपर्यंत हात लावायचा नाही, हे आमच्या घरात लहानपणी चापट खाऊन शिकवलं जातं. विमानाला तो नियम माहीत नव्हता. हवाई सुंदरीला मी कसंबसं समजावलं. ती हसली आणि जेवणाची गाडी आमच्या रांगेशी पोचल्यावर पुढे जाऊन सांगते म्हणाली.

जागेवर आलो. आईला डबा मिळाला, तिनं झाकणही काढलं नाही. “त्याइनं सुरू केलं काय?” पडद्याजवळून हवाई सुंदरीनं मान डोलावली, मी हो म्हटल्यावर मग आईनं पोळीचा तुकडा मोडला आणि सहज म्हणाली, “तू बाहेर राहायचा तवा हे रोज फोन करत ना, ‘जेवला काय’ म्हणून. तू हो म्हणल्याबिगर हे ताटावर बसत नव्हते. तुहं विमान लेट असलं की आमचं जेवण लेट.”

किती तरी वेळा मी न जेवताच, फोन ठेवायच्या घाईत हो म्हटलेलं. खिडकीतून नुसते ढग दिसत होते.

महिना संपला, कार्ड गेलं. अनुभवी माणूस म्हणून विचाराल तर जादा सामान आणि आधी आत सोडणं या दोनच सवलती खऱ्या कामाच्या आहेत, आणि घरच्यांना घेऊन जाणार असाल तर कार्ड चालू आहे तोवर जा.

परवा बाबा मामांचं रिकामं पोतं परत करायला आर्णीला निघाले. मी स्टँडवर सोडायला गेलो. पोत्याची घडी पिशवीत, आणि पिशवीला तो नारिंगी टॅग. गाडीची वाट पाहताना त्यांच्या फिरायच्या मंडळींतले एक काका भेटले. टॅगकडे बोट दाखवून म्हणाले, “गोल्ड कार्ड हाये ना अजून पोराचं?”

मी दुसरीकडे पाहू लागलो.

“नाही,” बाबा म्हणाले, नेहमीपेक्षा मोठ्यानं. “संपलं ते. आता रोज पंगतीले असते तो.”