वाण लुटलं

सुक्या मिरचीची फोडणी जरा जास्त तापली की आमच्या घरात छताला चिकटवलेली धुराची घंटा किंचाळायला लागते. अमेरिकेत, नोव्हायला येऊन मला बरीच वर्षं झाली, पण तिची सवय काही होत नाही. थंडीत खिडक्या उघडायची सोय नाही, बाहेर बर्फ साचलेला. मग सून टॉवेल घेऊन स्टुलावर चढते आणि धूर हाकलते, नात कानांवर हात ठेवून "आजी, स्टॉप!" म्हणत जिन्यावर पळते, आणि मी कढईवर झाकण घालते. तो ठसका मला मात्र आवडतो. डोळ्यांना चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही, कानांना निम्मं ऐकू येत नाही, नाक तेवढं अजून गावातच राहतं. घशात ठसका गेला की मला माझ्या घरापुढचं अंगण दिसतं, मिरचीच्या भुकटीनं लाल झालेलं, आणि त्यात अनवाणी उभ्या असलेल्या बायका, डोक्यावरची गाठोडी खाली ठेवण्याआधीच शिंकायला लागलेल्या.

परवाही घंटा वाजली, तेव्हा सुनेची मैत्रीण चहाला आली होती. मूळची पुण्याची, इथल्या गाड्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते आणि उरलेल्या वेळात महाराष्ट्र मंडळाचं. मंडळाच्या बायकांनी ठरवलं होतं की यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण द्यायचं नाही. डब्यांनी, वाट्यांनी, वासाच्या मेणबत्त्यांनी सगळ्यांची कपाटं भरली आहेत. त्याऐवजी त्या पैशांतून खेड्यातल्या बायकांना धंद्यापुरतं लहानसं कर्ज द्यायचं. गाव कुठलं घ्यायचं म्हटल्यावर माझ्या मुलानं आमचं सुचवलं. खोकत खोकत तिनं फोन माझ्यापुढे धरला.

"काकू, ही बघा, तुमच्या गावची. शेवयांचं मशीन घ्यायचंय तिला. सगळं चेक केलंय आम्ही, फक्त तिथलं कुणीतरी कन्फर्म करायला हवं. तुम्ही हो म्हणालात की अप्रूव्ह, नाही म्हणालात तर कॅन्सल करू आणि दुसरी बघू."

फोटोत एक तरुण बाई होती. पदर नीट खोचलेला, हसताना दात दिसू नयेत म्हणून ओठ दाबलेले. मागचं दार मी ओळखलं. दाराच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती, ती अर्धीच फोटोत आली होती. पाय पसरून, एक हात कमरेवर ठेवून बसायची रीत माझ्या गावात एकाच बाईची. म्हणजे ही तिची सून.

"आणि हिनं फेडलं नाही तर?" मी विचारलं.

"तेच तर बेस्ट आहे काकू! बायकांचा ग्रुप असतो. एकीचं अडलं तर बाकीच्या भरतात. वसुलीला कुणाला जावंच लागत नाही, त्या आपसांतच मॅनेज करतात. किती छान ना?"

नात जिन्यावरून खाली आली, फोनमध्ये डोकावली आणि म्हणाली, "शी लुक्स सो हॅपी."

मी म्हटलं, उद्या सांगते.

ती पायरीवरची म्हातारी आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन त्या गावात आलो. विहिरीवर आम्ही एकमेकींचे हंडे उचलून देत होतो, कारण पाण्यानं भरलेला हंडा डोक्यावर ठेवायला दुसरं माणूस लागतं आणि दोघींच्याही घरात तसं माणूस नव्हतं. तिची जीभ धारदार होती. गावातल्या सासवा तिला वचकून असत. बायकांचा बचत गट गावात तिनंच आणला. कुठून तरी शिकून आली, बायकांना देवळात बसवलं, आणि आपला पैसा, आपला धंदा, नवऱ्यापुढे हात पसरायचा नाही, असं काय काय बोलली. बायका आधी हसल्या, मग आल्या. ती अध्यक्ष झाली. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण बाकीच्यांपैकी बऱ्याचजणी शाळेच्या दारातही गेल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्यात मी शहाणी. पहिलं मोठं कर्ज निघालं ते माझ्या नावावर, मिरची कांडायच्या यंत्रासाठी. बँकेच्या साहेबानं विचारलं, हिची हमी कोण घेतं? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. ही म्हणाली, "हिचं मी बघते." तिनं बघितलंही.

यंत्र आलं त्या दिवशीचं मला सगळं आठवतं, आणि माझ्या मुलालाही. तो ही गोष्ट इथे लोकांना अभिमानानं सांगतो. आईनं यंत्र घेतलं, आई स्वतःच्या पायावर उभी राहिली, म्हणून मी शिकलो. खोटं काही नाही त्यात. त्याला यंत्र आलेलं आठवतं, गेलेलं आठवत नाही, कारण तेव्हा तो तालुक्याला वसतिगृहात होता आणि घरी आल्यावर त्यानं विचारलं नाही. मुलगे विचारत नाहीत. त्यांना वाटतं घरातल्या वस्तू आपोआप येतात आणि आपोआप जातात.

तीन उन्हाळे यंत्र चांगलं चाललं. चैत्र लागला की बायका मिरची वाळवायच्या, देठं खुडायच्या, धने-खोबरं भाजायच्या आणि रांगेनं माझ्या दारात यायच्या. वर्षाचं तिखट एकदाच करून ठेवायची आमच्याकडची रीत. पाऊस आला की यंत्रावर पोतं टाकायचं, ते पुढच्या चैत्रालाच काढायचं. मिरचीला हंगाम असतो. हप्त्याला नसतो. हप्ता श्रावणातही येतो, पौषातही येतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि ज्यांनी कर्ज दिलं त्यांनी बहुतेक कधी वर्षाचं तिखट करून ठेवलेलं नसावं. तरी मी उन्हाळ्याचे पैसे डब्यात घालून, त्यातून थोडे थोडे काढून ओढत होते. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एकीच्या मुलीचं लग्न निघालं, तिच्यासाठी अवेळी यंत्र लावलं आणि मोटर जळाली. मोटरची तार नव्यानं गुंडाळून घेण्यात डबा रिकामा झाला. पौषात माझे हप्ते थकले. एकीचा थकला की कुणालाच पुढचं कर्ज नाही, असा नियम. आणि पुढचं कर्ज आमच्या अध्यक्षीणीला हवं होतं, दोन जर्सी गाईंसाठी. तिनं गोठासुद्धा बांधून घेतला होता.

बायका बोलेनाशा झाल्या. विहिरीवर माझा हंडा उचलायला कुणी पुढे होईना. मी हंडा अर्धाच भरायला लागले, अर्धा एकटीला उचलता येतो. अशात संक्रांतीनंतर एक दिवस ती स्वतः घरी आली. पाय पसरून बसली, चहा प्यायली आणि म्हणाली, "यंदा हळदीकुंकू तुझ्याकडे ठेव. सगळ्या येतील. किती दिवस असं तोंड फिरवून बसायचं?"

मला वाटलं, मिटलं. बाईच्या घरी हळदीकुंकवाला जायचं म्हणजे तिच्या हातचं कपाळाला लावून घ्यायचं, तिचा तिळगूळ खायचा. वैर असेल तर कुणी ते करत नाही. आमच्यात वाढलेल्या कुठल्याही बाईला हेच वाटलं असतं. मी उसनी साखर आणली, तीळ भाजले, अंगण सारवलं, आणि बाजारातून स्वस्तातले कंगवे आणले वाण म्हणून.

सगळ्या आल्या, ठेवणीतली लुगडी नेसून. मी प्रत्येकीला हळद लावली, कुंकू लावलं, हाताला अत्तर लावलं. तिळगूळ घ्या, गोड बोला, म्हटलं. त्यांनी घेतला, खाल्ला. मग मी कंगव्यांची परडी पुढे केली. अध्यक्षीणबाईंनी एक कंगवा उचलला, बघितला आणि परत टाकला.

"हे काय लुटतेस? लुटायचं तर घरातलं लूट."

बायका हसल्या. मीही हसले, मला वाटलं थट्टा चाललीय. ती उठली आणि फळीवरच्या पितळी परातीकडे बोट केलं. "ती हिला दे. आणि ते घंगाळ तिला."

"अगं, ती माझ्या आईची परात आहे."

"मग चांगली असेल. हातानं दे बाई. आम्ही उचलून नेली तर चोरी व्हायची."

संक्रांतीच्या वाणाला आपल्याकडे लुटणं म्हणतात. देणारीच म्हणते, मी वाण लुटलं. घेणारी पदर पसरते, आणि एकदा पदरात पडलेलं वाण परत द्यायचं नसतं, मागायचं तर त्याहून नसतं. इतका गोड शब्द आणि इतकी गोड रीत, तिचा असा उपयोग होईल हे फक्त तिच्याच डोक्यात येऊ शकलं. माझा नवरा बाहेर ओट्यावर विडी ओढत बसला होता. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषानं आत यायचं नसतं, तो आला नाही. मी परात दिली. घंगाळ दिलं. तांब्याचा हंडा, कळशी, पोळपाट, सगळं एकेकीच्या पदरात घातलं. कुणी तरी म्हणालं, "नाव घे की! मुक्यानं कुणी वाण देतं का?" मी नवऱ्याचं नाव घेतलं. काय जुळवलं ते आता आठवत नाही, पण चांगलं जुळलं असावं, बायकांनी वाहवा केली.

शेवटी ती म्हणाली, "आता सगळ्यांत मिळून एक." आणि पडवीतल्या यंत्रावरचं पोतं काढलं.

मी तिचे पाय धरले. चैत्रापर्यंत थांब म्हटलं, एका चैत्रात सगळे हप्ते फिटतील. ती म्हणाली, "माझ्या गाई चैत्रापर्यंत थांबतील का?" मग करंडा माझ्या हातात दिला. मी यंत्राला हळद लावली, कुंकू लावलं आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, लुटलं. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं ट्रॉली आणून ते नेलं. गाव बघत होतं, पण बोलायला जागा नव्हती. माझ्या हातानं, माझ्या तोंडानं दिलेलं.

माझे थकलेले हप्ते बायकांनी भरले, गाई आल्या, आणि पूर्ण वसुली केली म्हणून गटाचा तालुक्याला सत्कार झाला. सत्काराच्या फोटोत मीही आहे. चैत्रात गावाची मिरची तिच्या दारात जायला लागली. तिला यंत्र चालवता येईना, तिनं मला मजुरीवर बोलावलं. मी गेले. पोट होतं, मुलाचं वसतिगृह होतं. मिरचीच्या खकाण्यानं सगळ्यांचेच डोळे वाहतात, त्यामुळे कोण कशानं रडतंय ते कळत नाही. त्या धंद्यात तेवढी एक सोय आहे. ती शेजारी बसून पैसे घ्यायची आणि कधी कधी माझ्यासाठी भाकरी ठेवायची. आम्ही बोलायचो. लोकांना वाटतं अशा बायका जन्मभर एकमेकींचं तोंड बघत नाहीत. गावात तोंड न बघून चालत नाही. मी फक्त पुन्हा कुणाच्या कपाळाला कुंकू लावलं नाही. नवरा जिवंत असूनही लावलं नाही. इथे सुनेच्या हळदीकुंकवालाही मी वर खोलीत बसते, आणि बायका म्हणतात, काकू जुन्या विचारांच्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सुनेच्या मैत्रिणीचा फोन आला. सुनेनं तो स्पीकरवर लावला.

"मग काकू, काय म्हणता? द्यायचं का तिला?"

मी म्हटलं, "द्या. घर ओळखीचं आहे. आणि ते बायकांच्या हमीचं म्हणालीस, तेही असू दे. त्याशिवाय देऊ नका."

"सो स्वीट! काकू, गावच्या माणसांसाठी तुमचं मन किती मोठं आहे."

सून माझ्याकडे कौतुकानं बघत होती. शेवयांचाही हंगामच असतो, उन्हाळ्याचा. गावात आता तिखट पाकिटातलं आणतात, शेवयाही पाकिटातल्या. नाही म्हटलं असतं तर ती पोर सुटली असती, एवढं मला कळतं. माणसं म्हणतात, काळ सगळं भरून काढतो. मला तसं दिसलं नाही. काळ जागा तीच ठेवतो, त्या जागेवर माणूस तेवढं नवं आणून बसवतो. त्या पोरीनं माझं काही वाईट केलेलं नाही. मी तरी तेव्हा कुणाचं केलं होतं?